अगदी विकतचं वाटतंय!

मशीन घरी आलं तेव्हा खोकं उघडायच्या आधीच नवऱ्याने विचारलं, "याने नक्की होतं काय?"

"कागद कापला जातो."

"घरात चार कात्र्या आहेत की."

चार नाहीत, सहा आहेत. एक दुधाच्या पिशव्यांची, एक मिरच्यांची आणि उरलेल्या चार ऐन वेळी कोणालाच सापडत नाहीत. पण मुद्दा तो नव्हता. कात्रीने मी आयुष्यात एकही वर्तुळ धड कापलेलं नाही. चौथीत कार्यानुभवाच्या तासाला मी कापलेलं फुलपाखरू बाईंनी वर्गासमोर धरून "हे वटवाघूळ कोणाचं?" असं विचारलं होतं. चाळीस वर्षांनी त्या वटवाघळावर उतारा म्हणून मी डाय कटिंग मशीन मागवलं.

दिसायला ते थेट रसवंतीगृहातल्या चरकासारखं. बाजूला हँडल, मधे एकावर एक दोन रूळ. घुंगरं तेवढी नाहीत, आणि "आलं-लिंबू घालू का?" विचारणारा माणूस नाही. उसाच्या जागी एक चळत सरकवायची. खाली प्लास्टिकची जाड पाटी, तिच्यावर कागद, कागदावर धारेची बाजू खाली करून ठेवलेली डाय, आणि वरून दुसरी पाटी. डाय म्हणजे पत्र्याची नाजूक नक्षी. एका अंगाला गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला बोट फिरवलं तर जेमतेम जाणवेल अशी धार. हँडल फिरवलं की चळत रुळांमधून चेपून पलीकडे निघते. वीज लागत नाही, आज्ञावली लागत नाही. संगणकाला जोडून पात्याने कापणारी मशीनंही मिळतात, पण त्यांत हँडल फिरवायची मजा नाही. मग ते मशीन कसलं, तो तर प्रिंटर.

पहिल्यांदा फिरवलं तेव्हा असा काही कडकड आवाज आला की मी हँडल सोडून दोन पावलं मागे सरले. म्हटलं, गेले पैसे. पुढे कळलं की तो आवाज तसाच यायचा असतो. पाट्या कुरकुरतात, त्यांच्यावर चरे पडतात आणि एकाच बाजूने वापरल्या तर उन्हातल्या पापडासारख्या वाकतात, म्हणून आलटून पालटून उलट्या करायच्या. नक्षी फार बारीक असली आणि मधेच कुठे कागद तुटलाच नाही, तर पाटीखाली आणखी एक कागद सारायचा. जाणकार त्याला 'शिम' म्हणतात. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आपण जी घडी घालतो, तीच ही. मी त्यासाठी लोकांच्या लग्नाच्या जुन्या पत्रिका वापरते. काही लग्नं मोडली, पत्रिका अजून दाब सहन करताहेत.

पण खरी मजा त्याच्या पुढची. चळत उघडायची, डाय उचलायची. नेच्याचं पान असलं तर त्याची बोटभर पालवी डायमधेच अडकून बसलेली असते. डायच्या पाठीला बारीक भोकं असतात, त्यांतून टाचणीने एकेक टोक ढकलायचं. आधी देठ, मग खालची पानं, मग शेंडा. घाई केली तर शेंडा तुटतो. कागद आणि डायच्या मधे बटर पेपरचा तुकडा घातला असेल तर पान अलगद सुटून तळहातावर येतं, इतकं हलकं की पंखा आधी बंद करावा लागतो. मे महिन्यात पंखा बंद करून बसलेल्या बाईला घरातले लोक काय म्हणतात ते सोडून देऊ.

हे तंत्र काही कागदाच्या हौशीसाठी निघालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात बुटांचे तळ एकसारखे कापायला चामड्यावर असे साचे मारत. १९७७ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एलिसन कंपनीने शाळांसाठी हाताने चालणारी यंत्रं काढली. फळ्यावर लावायची अक्षरं कापून कापून शिक्षकांची बोटं दुखत, त्यांच्यासाठी. घरच्या टेबलावर मावेल असं त्याचं धाकटं भावंड, सिझिक्स, आलं ते २००१मध्ये. म्हणजे माझ्या चौथीच्या बाईंकडे असं यंत्र असतं तर माझं वटवाघूळ झालंच नसतं.

आपल्याकडे छापखान्यांच्या गल्लीत मात्र हे फार आधीपासून चालू आहे, फक्त त्याला 'पंचिंग' म्हणतात. पाकिटांचा एक गठ्ठा करून घ्यायला मी एकदा बुधवार पेठेत गेले होते. एकेकाळी ज्यावर पत्रिका छापल्या जात, त्या ट्रेडल मशीनचे शाईचे रूळ काढून टाकलेले, आणि आता त्यावर नुसतं पंचिंग. शेजारच्या खोपटात एक गृहस्थ या पंचिंगची डाय करत होते, प्लायवूडच्या खाचेत धारेची पोलादी पट्टी ठोकून बसवत होते. गणपतीची सोंड वळवायला त्यांनी पट्टी पकडीत धरून अशी काही हळूहळू वाकवली की मी श्वास धरून बघत राहिले. पट्टीच्या दोन्ही बाजूंना त्यांनी स्पंजाचे तुकडे चिकटवले. दाब आला की स्पंज दबतो, दाब सुटला की फुगतो आणि पात्यात अडकलेला कागद बाहेर ढकलतो. माझ्या टाचणीचं काम स्पंज करतो! मी कौतुकाने फोनवर माझ्या मशीनचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "बरंय. पोरांना खेळायला चांगलंय."

कागदाचं ज्ञानही मला असंच अपमान करून घेत मिळालं. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात जाऊन "कार्डांसाठी कागद द्या" म्हटलं. दुकानदार म्हणाला, "दीडशेचा देऊ का तीनशेचा?" मी हबकले. "तीनशे रुपयांना एक कागद?" मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुली हसल्या. तो किंमत नव्हे, वजन सांगत होता. जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद पंचाहत्तर-ऐंशीचा. त्याची फुलं कापली तर लगेच माना टाकतात. कार्डाचा पाया अडीचशे-तीनशेचा हवा, पाकळ्यांना दीडशे पुरे. शिवाय कागदाला ग्रेन असते. तंतू ज्या दिशेने असतात त्या दिशेने घडी घातली तर ती सुरेख पडते, आडवी घातली तर घडीवर कागद फुटतो, टाचेला भेगा पडाव्यात तसा. घडीच्या आधी शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढून घ्यायची. शाई संपलेली पेनं मी फेकत नाही, यावरूनही घरात बोलणी झालेली आहेत.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद हा माझा जीव की प्राण. १९४०पासूनची ही संस्था. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद, कडा विस्कटलेल्या, हाताला खादीसारखा. पण त्याच्यापुढे माझा चरक हात टेकतो. सुताचे तंतू लांब, ते सरळ तुटत नाहीत, लोंबत राहतात. दोन पत्रिकांचं शिम घालून, दोनदा फिरवून, शेवटी कात्रीने सोडवावं लागतं. म्हणजे पुन्हा वटवाघूळ.

आणि पावसाळा तर विचारूच नका. २०१८मध्ये थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा मी उत्साहाने गणपतीची सगळी आरास कागदाची करायचं ठरवलं. एकवीस कमळं, प्रत्येकाच्या तीन घेरात पाकळ्या. भाद्रपदातल्या दमट हवेने चतुर्थीच्या संध्याकाळपर्यंत एकवीसच्या एकवीस कमळांनी माना खाली घातल्या. आरतीला आलेल्या शेजारच्या काका म्हणाल्या, "कोबी का लावलाय गं?" काका म्हणजे काकूच, पण त्यांना सगळे काका म्हणतात, ती वेगळी गोष्ट.

तर हे सगळं करून, टाचणीने बोटं टोचून घेऊन, फेव्हिकॉलने कागद सुरकुततो म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणून, फुलांना उठाव यावा म्हणून खाली फोमचे ठिपके लावून मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या निवृत्तीचं कार्ड केलं. तीन रात्री लागल्या. त्यांनी ते हातात घेतलं, "वा वा" म्हणाले आणि उलटं करून मागची किंमत शोधली.

"मी केलंय," मी म्हटलं.

"काय सांगता! अगदी विकतचं वाटतंय!"

याहून मोठी स्तुती आपल्याकडे नाही. घरी केलेलं श्रीखंड, घरी शिवलेला ब्लाउज, घरी केलेला कंदील, सगळ्यांना एकच पदवी: विकतच्यासारखं. गंमत अशी की विकत घेताना आपण "घरच्या चवीचं" असं लिहिलेलं पाकीट शोधतो. माझी पंचाईत आणखी वेगळी. काम जेवढं सफाईदार होईल तेवढं ते माझं वाटेनासं होतं. भाचीने यावर उपाय सांगितला की मागे 'हाताने बनवलेले' असा रबरी शिक्का मार. असा शिक्का बाजारात मिळतो. विकत.

आणि ते हाताने बनवलेलं तरी आहे का? इथे आमची आत्या मधे येते. आत्या गुहागरकडची. साच्यातल्या मोदकांना ती मोदक म्हणत नाही, 'ते साच्यातले' म्हणते. मोदकाला निदान अकरा तरी पाकळ्या हाताने पाडता आल्या पाहिजेत, असा तिचा दंडक. मी एकदा वाद घातला. म्हटलं, "चकलीला सोऱ्या चालतो, करंजीला कातणं चालतं, मग मोदकाला साचा का नाही?" ती म्हणाली, "चकली देवाला लागत नाही." या युक्तिवादाला मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

अशा आत्याला पंचाहत्तरावं लागलं, आणि मी तिला साच्यातली भेट द्यायचं ठरवलं. स्क्रॅपबुक. आमच्या शाळेतली चिकटवहीच ती, पण चिकटवहीत दुकानातून आणलेल्या चार्टवरचे पुढारी आणि फळं कापून लावायची असत, इथे स्वतःचं आयुष्य लावायचं. बारा इंची चौकोनी पानं, आम्लरहित कागद. साध्या कागदातलं आम्ल फोटो पिवळे करतं. आमच्या लग्नाच्या वेळचे चिकट पानांचे अल्बम आठवा, प्लास्टिक उचलायला गेलं की नवरदेवाचं नाक सोबत येतं. म्हणून मूळ फोटोला गोंद लावायचाच नाही, स्कॅन करून प्रत लावायची.

मूळ फोटो आत्याच्याच जुन्या अल्बममधले. काळी पानं, फोटोंना पांढरी किनार आणि कडा बारीक लाटांच्या. चार कोपऱ्यांत चार काळे कागदी त्रिकोण, त्यांत फोटो खोचलेला. दर दोन पानांमधे तो दुधी पातळ कागद, ज्यावर कोळ्याच्या जाळ्याची नक्षी दाबलेली असते. त्या जाळ्यातून दोन वेण्यांची आत्या दिसायची, गुहागरच्या अंगणात, एका पायावर लंगडी घालताना. फोटो काढणाऱ्याने दुसरा पाय खाली येण्याची वाट बघितली नव्हती. ते पान करायला मला पूर्ण आठवडा लागला. सुरूच्या झाडाची डाय मिळाली नाही, ख्रिसमस ट्रीवर भागवलं.

बाकी पानांवर मात्र जीव ओतला. उघडणाऱ्या खिडक्या, ओढली की बाहेर येणारी पट्टी, सोळा प्रकारची फुलं, एक पान तर नुसतं फुलपाखरांचं. प्रत्येक पानावर एक रिकामं लेबल ठेवलं, आत्याने आठवण लिहावी म्हणून. डोंबिवलीला समारंभ झाला, वही हातोहात फिरली. सगळे म्हणाले, विकतची वाटते. आत्याने चष्मा लावून एकेक पान बघितलं, फुलपाखरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सगळी सारखी आहेत गं." मी काय समजायचं ते समजले.

पाचेक महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा वही कपाटात नव्हती. स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी होती, दुप्पट फुगलेली. उघडली. फुलपाखरांच्या पानावर, बरोबर मधोमध, वर्तमानपत्रातलं फणसाच्या भाजीचं कात्रण. खिडकी उघडली तर आत रक्तदाबाचे आकडे, तारीखवार. ओढायच्या पट्टीवर गॅसवाल्याचा नंबर. लंगडीच्या फोटोशेजारच्या लेबलावर काही लिहिलं नव्हतं. तिथे एका बाईंच्या निधनाची चौकट होती, पासपोर्ट फोटोसकट, कात्रीने वेडीवाकडी कापलेली.

"ही कोण?"

"फोटो काढणारी," आत्या म्हणाली. "तिच्या भावाचा कॅमेरा होता. तिनेच सांगितलं लंगडी घाल म्हणून."

मी पान बोटाने चाचपलं. कात्रणाखाली बारीक बारीक उंचवटे लागत होते.

"हे कशाने चिकटवलंस?"

"भाताच्या शितांनी. तुझी ती टेप माझ्या नखांना सुटत नाही."

मार्क ट्वेनला चिकटवह्यांचा भारी नाद होता. गोंदाच्या कटकटीला कंटाळून त्याने १८७३मध्ये पानांना आधीच गोंद लावलेल्या वहीचं पेटंट घेतलं. पान ओलं करायचं आणि कात्रण ठेवायचं. त्याच्या घरी भात होत नसावा. मी आत्याला आम्लरहित गोंदाबद्दल सांगणार होते, शितांना कसर लागते, मुंग्या येतात, हेही सांगणार होते. तेवढ्यात तिने ओट्यावरच्या डब्याखालून कात्रणांची जाडजूड चळत काढून माझ्यापुढे ठेवली.

"जागा संपली. तुझ्या त्या चरकातून आणखी पानं काढून आण," ती म्हणाली. "आणि फुलं नकोत या वेळी. उगाच जागा खातात."