दिंडीत सुटलेला आवाज

माउलींच्या पालखीसोबत चालणाऱ्या दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा आणि मृदंग, मागे विणेकरी, त्यांच्या मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. रथापुढे 27 दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त. कुठल्या वेळी काय म्हणायचं तेही ठरलेलं. पहाटे काकडा, सकाळी रूपाचे अभंग, पुढे वासुदेव, आंधळे, पांगळे या नावांचे अभंग, गौळणी, आणि दुपार कलली की हरिपाठ. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. शिंदे सरकारच्या दरबारातली सरदारकी सोडून ते आळंदीला येऊन राहिले होते. निघण्याआधी मी हे सगळं वाचलं आणि धास्तावले. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालायची भीती नव्हती. दिवसभर गायला लागणार, याची होती.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी एका बाईंनी मला रांगेतून बाजूला घेतलं होतं. ‘तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस, सगळ्यांचा सूर बिघडतो.’ तेव्हापासून मी ओठच हलवत आले. गणपतीच्या आरतीत, लग्नाच्या मंगलाष्टकांत, माझ्या स्वतःच्या बाळाला झोपवतानासुद्धा. गाण्यापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं, पण तसं होत नाही. कामाच्या ठिकाणी बैठकीत मुद्दा सुचायचा, तो मी शेजारणीच्या वहीत लिहून द्यायचे आणि ती मांडायची. घरात काही ठरत असलं की ‘तुम्ही म्हणाल तसं’. लोक मला समजूतदार म्हणायचे. मलाही तो माझा स्वभावच वाटू लागला होता. सवय इतकी जुनी झाली की ती सवय आहे हे आतून दिसत नाही.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात मोठा, त्यात एकादशीचा उपास आणि दिवे घाटाची चढण. माझ्या शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या. वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, पण त्या मला माय म्हणायच्या. घाटाच्या मध्यावर मला दम लागला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “नुसते व्हट हलवून दम लागतो माय. मोठ्यानं म्हन, पाय आपोआप उचलतेत.”

त्यांनी मला धीर दिला नाही, आवाज चांगला आहे असंही म्हटलं नाही. त्यांना माझ्या पायांची काळजी होती. म्हणूनच बहुधा मी ऐकलं. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’, तेवढंच, पण घशातून. पहिल्या वेळी आवाज फाटला. कोणी वळून पाहिलं नाही. टाळ चालू होते, मृदंग चालू होता, पाऊल पुढे पडत होतं. चालीवर म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, चरण संपला की भरून येतो, आणि पाय त्याच लयीत पडतात. आजींनी सांगितलं ते अगदी शब्दशः खरं होतं.

पुढे जेजुरी, वाल्हे, मग नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान. तोवर आमच्या दिंडीतल्या जवळजवळ सगळ्यांचे आवाज बसले होते. रोज पहाटेपासून म्हणणारा माणूस आठवडाभरात घोगरा होतोच. आमच्यातले उत्तम गाणारे एक बुवा होते, त्यांचाही आवाज माझ्यासारखाच खरखरीत झाला होता, आणि ते तसेच, तितक्याच आनंदानं म्हणत होते. त्या दिवशी चालता चालता मला रडू आलं. आवाज चांगला असेल तरच तो काढायचा, ही अट मी इतकी वर्षं सांभाळली होती. इथे ती अट कुणालाच नव्हती. घरी बसून मी स्वतःला हजार वेळा समजावलं होतं की बाईंचं ते बोलणं विसर. समजावण्यानं ते गेलं नाही. रोज तोंड उघडून, इतक्या माणसांत मिसळून म्हटल्यावर ते सैल झालं. माझं तरी आता ठाम मत आहे की अशा समजुती एकट्यानं विचार करून सुटत नाहीत. त्यांना सोबत लागते, आणि ती सोबत आपल्याला मोजणारी नसावी लागते.

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून माउलींचा अश्व धावतो तो सोहळा, मी गर्दीच्या पाचव्या-सहाव्या रांगेतून पाहिलं. अश्व धावत गेल्याचं फक्त कळलं. मला त्याहून जास्त ओढ लागायची ती संध्याकाळच्या समाज आरतीची. तळावर मधोमध पालखी आणि भोवती सगळ्या दिंड्या, टाळांचा कल्लोळ. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. मात्र ज्या दिंडीला काही तक्रार असते ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात. नंतर हरवलं-सापडलं पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. लाखांच्या मेळ्यात गाऱ्हाणं सांगायची एवढी साधी, एवढी सभ्य रीत मी कुठे पाहिली नव्हती. टाळ थांबवायचे नाहीत, बस.

नातेपुत्यात मी आमच्या दिंडीचालकांकडे गेले. पाण्याच्या टँकरवर पहाटे आधी पुरुषांची गर्दी व्हायची. बायकांना आंघोळीला अंधाराचा आडोसा हवा, आणि नंबर लागेपर्यंत उजाडायचं. ही कुरकुर सगळ्या बायका राहुटीत करत होत्या, मीही त्यात होते. बोलताना माझे हात थरथरत होते, पण वाक्यं पुरी झाली. “माउली, आधी का नाही सांगितलं?” एवढंच ते म्हणाले. पुढच्या मुक्कामी पहिला तास बायकांना मिळाला. त्याच्या पुढच्या मुक्कामी पुन्हा गोंधळ झाला, मग मी पुन्हा गेले. दुसऱ्यांदा जाणं मला पहिल्यापेक्षा अवघड वाटलं. आपण फार मागतोय असं वाटत राहिलं. आजींना सोबत नेलं होतं, त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या.

वाखरीला फुगड्या झाल्या. पंढरपुरात दर्शनाची रांग पाहून आम्ही कळसाचं दर्शन घेतलं आणि चंद्रभागेवर आलो. आजी पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबणार होत्या, मला परतायचं होतं. एकमेकींच्या पाया पडलो.

परतल्यावर पहिल्याच बैठकीत एक मुद्दा सुचला आणि माझा हात शेजारणीच्या वहीकडे गेला. इतक्या वर्षांचं वळण एका वारीत जाईल असं मी धरलंही नव्हतं. मग मी तो मुद्दा माझ्याच वहीत लिहिला आणि उभी राहून मोठ्यानं वाचला. मंजूर झाला नाही. खर्चाचे आकडे कुठे आहेत, असं विचारलं गेलं, आणि ते विचारणं रास्त होतं. आकडे गोळा करतेय, पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे.