खालचा पाव काटा

जुन्या डिझेल जीपच्या डॅशबोर्डवर जे काय दिसतं त्यातलं निम्मं शोभेचं असतं, हे मान्यच आहे. किलोमीटर कधीचे थांबलेत, घड्याळाचं तर नावच नको, ते सगळं चालतं. पण डिझेलचा काटा थापा मारायला लागला की आमच्या देवगडकडे पंचाईत होते, कारण सागरी महामार्ग म्हणजे खाडीपाशी उतरा, पूल ओलांडा, परत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढा, मधे पंप लवकर सापडत नाही आणि रात्री सापडला तरी बंद. त्यात डिझेल गाडी पार कोरडी झाली तर नुसतं कॅनमधून ओतून भागत नाही, लाइनीत हवा शिरते, मग पाना घेऊन स्क्रू सैल करा, हातपंप मारत बसा, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत, आणि मागे आंब्याच्या पेट्या उन्हात.

काकांचं म्हणणं एकच, "काट्याक काय इचारतंस, काठी घाल नि बघ." काठी खरी बोलते, वादच नाही. पण चढावर चालत्या गाडीत काठी कोण घालणार?

तसं बघितलं तर काट्याला डिझेल कळतच नाही, त्याला फक्त ओहम, म्हणजे रेझिस्टन्सचं माप, कळतात. टाकीत डिझेलवर तरंगणारा फ्लोट वरखाली होतो, त्याची तार एका रेझिस्टन्सवर सरकते, तेवढंच. जुन्या मीटरमधे काट्यामागे दोन धातूंची पट्टी असते, ती करंटने तापून वाकते, म्हणून काटा सावकाश हलतो आणि खड्ड्यात डिझेल हिंदकळलं तरी नाचत नाही (हे मला फार आवडतं, आत्ताच्या डिजिटलवाल्यांना असला शांतपणा सॉफ्टवेअरने आणावा लागतो). बऱ्याच जुन्या गाड्यांत डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही मीटरना व्होल्टेज स्थिर ठेवणारा एकच स्टॅबिलायझर असतो, दोन्ही काटे एकदम वर पळाले तर टाकी उतरवायच्या आधी त्याच्याकडे बघायचं.

आणि त्याच्याही आधी अर्थिंग! खाऱ्या हवेत टाकीचे पट्टे, बोल्ट सगळं गंजतं, त्या गंजाचा रेझिस्टन्स फ्लोटच्या रेझिस्टन्समधे मिसळतो आणि मीटर बिचारं त्याचीच बेरीज दाखवतं. टँक युनिटपासून (फ्लोट आणि त्याचा रेझिस्टन्स असलेला टाकीतला पार्ट) चासीपर्यंत एक वेगळी वायर, खालचा रंग खरवडून, वर ग्रीस. नवीन पार्ट घेण्याआधी हे करावंच, दुकानदार सांगणार नाही.

पार्ट घ्यायचाच तर युनिट आणि मीटर एका जातीचे हवेत. काही युनिट रिकाम्या टाकीला 240 ओहम आणि भरलेल्या टाकीला 33 दाखवतात, काही रिकामीला 10 आणि भरलीला 180. ह्याचं त्याला जोडलं की टाकी रिकामी होईल तसा काटा फुल्लकडे जातो, मग करा मजा.

एवढं जमलं तरी टाकी काही चौकोनी डबा नसते, कुठे निमुळती, कुठे खाच, त्यामुळे अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असं नाही. म्हणून टाकी रिकामी केली, जीप सड्यावर सपाट कातळ बघून उभी केली, पाच-पाच लिटर मापून ओतत गेलो, दर वेळी काटा स्थिर होऊ दिला आणि काचेवर चिकटपट्टी लावून खुणा केल्या. वरच्या खुणा अंदाजेच ठेवल्या, पाऊण टाकीला काटा थोडा फुशारक्या मारतो, मारू दे, त्याने कोणी रस्त्यात अडकत नाही. खरं बोलायचं ते खालच्या पावात. तिथे फ्लोटची तार किंचित वाकवून घेतली, युनिट परत बसवून पुन्हा ओतलं, आणि आता काटा तळाला टेकतो तेव्हाही टाकीत पाच लिटर असतात. चढउताराला अजून तो मागेपुढे होतो, त्याला इलाज नाही, टाकीतलं डिझेलच सरकतं.

एक झालं मात्र. पूर्वी भावकीतलं कोणी जीप नेली की आणून लावताना "काटा होता तिथेच आहे" म्हणायचं आणि विषय संपायचा. आता काचेवर लिटर लिहिलेत, तर गाडी मागायला येणारे आधी वाकून तिथे बघतात आणि मलाच विचारतात, "एवढंच आहे?"