तुम्ही विचारलंत म्हणून: शिशाच्या ओळंब्याचं भोक बरोबर मध्यात कसं येतं?

मी घरी ओतलेले ओळंबे हातात घेतले की लोक आधी वजनाचं कौतुक करतात, मग माथ्यावरच्या भोकाकडे बघतात आणि विचारतात, “तुमच्याकडे लेथ आहे का?” नाही. एक साधी टेबलावरची ड्रिल मशीन आहे, तीही फार गुणाची नाही. तिच्या चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, बिट लावून हाताने फिरवलं तर टोक किंचित डगमगतं. तरी भोक मध्यात येतं, कारण मध्य शोधायचं काम मी स्वतःकडे ठेवलेलंच नाही.

आधी एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगतो. ओळंबा दोऱ्याला लटकला की त्याचा गुरुत्वमध्य दोऱ्याच्या बरोबर खाली येतो. टोक खाली येईलच असं नाही. सोयीसाठी ओळंबा म्हणजे टोक खाली केलेला नुसता भरीव शंकू धरा. त्याचा गुरुत्वमध्य वरच्या सपाट तोंडापासून पाव उंचीवर असतो. भोक अक्षापासून अर्धा मिलिमीटर सरकलं, तर अख्खा शंकू तिरका लटकतो आणि टोक दोऱ्याच्या रेषेपासून तिप्पट, म्हणजे दीड मिलिमीटर बाजूला जातं. माझे ओळंबे वर दंडगोल आणि खाली शंकू असे असतात. त्यात चूक इतकी वाढत नाही, पण वाढतेच. भिंत सरळ आहे की नाही हे ज्यानं सांगायचं तोच वाकडा लटकला तर काय उपयोग?

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. माथ्यावर दोन रेषा आखून मध्य काढला, सेंटर पंचाने खूण केली, ओळंबा व्हाइसमध्ये धरला आणि बिट खाली आणला. दहातले तीन बरे आले. उरलेल्यांत बिट माझ्या डोळ्यांसमोर खुणेवरून घसरून बाजूला गेला. ११८ अंशांच्या साध्या बिटाचं टोक खरं म्हणजे टोक नसतंच, मध्ये एक आखूड बोथट धार असते. ती कापत नाही, रेटते. समोर तिरका पृष्ठभाग आला की ती उताराकडे पळते. ओतलेल्या शिशाचा माथा तिरका असतोच, कारण तिथेच ओतताना राहिलेला शेपटा आपण कापलेला असतो.

त्यात शिशाची स्वतःची एक खोड आहे. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि गोठताना आकसतं. जो भाग शेवटी गोठतो तिथे पोकळी राहते. आमच्या साच्यात शेवटी गोठतो तो माथ्याचा मधला भाग, म्हणजे जिथे भोक पाडायचं नेमकी तीच जागा! बिट पाच मिलिमीटर नीट जातो आणि मग आतल्या पोकळीच्या कडेला लागून वाकतो. यावर जिगमध्ये, म्हणजे ओळंबा आणि बिट जागेवर धरणाऱ्या माझ्या ठोकळ्यात, औषध नाही, ओतण्यात आहे. साचा नीट तापलेला हवा आणि माथ्यावर शिशाचं चांगलं मोठं थारोळं ठेवायला हवं, म्हणजे आतलं आकसताना वरचं पातळ शिसं खाली उतरत राहतं. साचा पूर्ण कोरडा हवा हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब अडकला तरी त्याची एका क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं.

आता जिगबद्दल. तिच्यातली सगळी हुशारी एका वाक्यात सांगता येते: ज्या मशीनखाली ती वापरायची, त्याच मशीनने तिची भोकं पाडायची आणि मध्ये काहीही हलवायचं नाही. कठीण लाकडाचा ७५ मिलिमीटर उंचीचा ठोकळा घेतला, जाड प्लायवर स्क्रूने बसवला आणि प्लाय दोन क्लॅम्पनी टेबलावर आवळला. मग सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या २५ मिलिमीटरच्या बिटाने ४५ मिलिमीटर खोल खळगा केला. टेबल जागच्या जागी ठेवून चकमधला बिट बदलला आणि त्याच खळग्याच्या तळातून १२ मिलिमीटरचं भोक आणखी खाली नेलं. ओळंबा टोक खाली करून सोडला की शंकू त्या १२ च्या भोकाच्या काठावर टेकतो, दंडगोलाला खळग्याची भिंत धरते आणि माथा पाचसहा मिलिमीटर वर राहतो. मशीनचा अक्ष कुठे आहे हे मला आजही माहीत नाही. खळग्याला माहीत आहे.

वर पोलादाची जाड पट्टी, दोन बाजूंना टेकू देऊन बसवलेली. तिच्यातही ३ मिलिमीटरचं भोक त्याच बैठकीत पाडलं. हा बुश, म्हणजे बिटाला सरळ ठेवणारी वाट. माथा कितीही तिरका असो, बिटाला पळायला जागाच राहत नाही. पट्टी आणि शिसं यांत दोनेक मिलिमीटर फट मात्र ठेवा. मी आधी ती ठेवली नव्हती, आणि शिशाचा कीस बाहेर पडायला वाट न मिळाल्याने बिटालाच लडबडला.

पहिली जिग फुकट गेली ती खाचेमुळे. ओळंबा घट्ट धरता यावा म्हणून ठोकळ्याला उभी खाच देऊन आडवा बोल्ट घालायचा होता. मी खळगा आधी केला आणि खाच नंतर कापली. लाकडातला ताण सुटला, दोन्ही भाग जरा सरकले आणि गोल खळग्याचा अंडाकृती झाला. दुसऱ्या वेळी खाच आधी कापली, तिच्यात करवतीच्या जाडीची पट्टी सरकवून बोल्ट आवळला, आणि मग खळगा पाडला. वापरताना पट्टी काढून टाकायची. बोल्टला थोडा पीळ दिला की शिसं हलत नाही. जास्त पीळ देऊ नका, शिशावर नख उमटतं.

मशीन डगमगते म्हटलं, त्याचं काय? टेबल शक्य तितकं वर घेतो, म्हणजे स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) फार बाहेर काढावी लागत नाही. जितकी बाहेर, तितकी डुलते. टेबल काटकोनात आहे का हे बघायला वाकवलेली जाड तार चकमध्ये धरून हाताने फिरवतो. टोक चारी बाजूंना टेबलाला सारखंच घासलं पाहिजे.

शिशात भोक पाडताना घाई नको. दोन मिलिमीटर आत, बिट पूर्ण बाहेर, कीस ब्रशने झाडला, रॉकेलचा थेंब, पुन्हा आत. तो कीस तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा. आणि रॉकेल लागलेला कीस पुन्हा वितळवायच्या भांड्यात टाकायचा नाही, धूर आणि भडका दोन्ही होतात. चष्मा डोळ्यावर, हातमोजे मशीनपासून लांब, कारण फिरणारा बिट मोज्यासकट बोट ओढतो. काम संपलं की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याच्या वस्तूला हात लावत नाही. लहान मुलं त्या खोलीत येत नाहीत.

भोक पंधरा मिलिमीटर खोल झालं की बाजूने आडवं भोक पाडून त्याला मिळवायचं. दोरा वरून घालून बाजूने काढला आणि गाठ मारली की झालं. आडवं भोक एकदोन मिलिमीटर इकडेतिकडे गेलं तरी चालतं. लटकायची जागा वरचं तोंड ठरवतं.

तपासणी फुकटात होते. ओळंबा लटकवून दोऱ्याला पीळ द्या आणि सोडा. खाली कागदावर एक ठिपका ठेवा. टोक ठिपक्यावर उभं राहिलं तर छान. चूक असेल तर टोक गोल फिरतं, आणि त्या गोलाची रुंदी चुकीच्या दुप्पट असल्यामुळे ती लपत नाही. जिग झाल्यापासून मला तो गोल क्वचितच दिसतो, आणि दिसला तर बहुतेक वेळा आत पोकळी असते.

यानंतर दुसरा प्रश्न ठरलेला असतो: “मग ती जिग दोन दिवस देता का?” देतो, पण तुमच्या मशीनवर ती आधी एक साधा ठोकळा असते. चकमध्ये ३ मिलिमीटरची सरळ गुळगुळीत सळई धरा. जिग टेबलावर मोकळी ठेवा. सळई हळू खाली आणा, जिग हाताने सरकवत ती बुशमधून कुठेही न घासता आरपार जाऊ द्या. सळई तशीच आत ठेवून क्लॅम्प आवळा. आवळताना ती अडकायला लागली, तर जिग सरकली. क्लॅम्प सोडा आणि पुन्हा करा.