पाच सामने, सात दिवस: खालच्या डिव्हिजनची आइस हॉकी स्पर्धा पार पाडताना

आयआयएचएफच्या (आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या) 18 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत डिव्हिजन दोन किंवा तीनचा संघ घेऊन जायचं, म्हणजे वर्षभराचा हिशेब सात दिवसांत द्यायचा. गटात बहुतेक वेळा सहा संघ असतात. प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना होतो, म्हणजे वाट्याला पाच सामने आणि मध्ये दोन दिवस विश्रांती. पहिला संघ वरच्या गटात चढतो, शेवटचा खाली घसरतो. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. एखाद्या सामन्यात घसरलं तर भरून काढायला जागाच नसते. संघ व्यवस्थापक म्हणून माझं बरंचसं काम म्हणूनच विमानात बसण्याआधी उरकलेलं असावं लागतं.

सुरुवात खेळाडूंच्या यादीपासून. वयाचा नियम जन्मवर्षावर चालतो: 2026च्या स्पर्धेसाठी 1 जानेवारी 2008 किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू चालतो. यात कोणी फसत नाही. फसगत होते ती नागरिकत्वात. छोट्या हॉकी-देशांचे बरेच चांगले खेळाडू परदेशात वाढलेले असतात. आई किंवा वडिलांमुळे त्यांना पासपोर्ट मिळतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवलंय, त्याला त्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये सलग किमान 480 दिवस नोंदणीकृत खेळाडू म्हणून काढावे लागतात. आणि तो आधी दुसऱ्या देशाकडून आयआयएचएफच्या स्पर्धेत उतरला असेल, तर ही मुदत चार वर्षांची होते आणि असा बदल आयुष्यात एकदाच करता येतो. त्यामुळे चाचणी शिबिराला बोलावण्याआधीच मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो: पासपोर्ट कोणत्या देशाचा, तो कधी मिळाला, आणि दहाव्या वर्षापासून कुठल्या क्लबात खेळलास? तिसऱ्याचं उत्तर क्लबच्या लेखी दाखल्यासकट हवं. ऐनवेळी अपात्र ठरलेला मुलगा संघाची पहिली फळी तर मोडतोच, त्याचं स्वतःचं मनही मोडतं. ते आपल्याला टाळता येतं.

व्हिसाचं काम शेंगेन (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय) देशांसाठी असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. बावीस मुलांचं काम त्या शेवटच्या पंधरवड्यावर कधीच टाकू नये. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध हवा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. अनेक देशांत अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षी तो नेमका संपत आलेला निघतो. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो. विमा घेताना त्यात आइस हॉकीचे सामने धरलेत का, हे शब्दन्‌शब्द वाचावं, कारण साध्या प्रवास विम्यात अंगाला भिडणारे खेळ पुष्कळदा वगळलेले असतात. आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र प्रवासाला वेगळं आणि तातडीच्या उपचारांना वेगळं घ्यावं. पालक विभक्त असतील तर दुसरी सही मिळवण्यातच महिना जातो.

औषधांचा तक्ता डॉक्टरांसोबत याच काळात करून घेतो. उत्तेजकबंदीच्या नियमांनुसार दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल चालतं, पण 24 तासांत 1,600 मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही 8 तासांत 600च्या आत. इन्सुलिनला आणि लक्ष केंद्रित होण्यासाठीच्या मिथाइलफेनिडेटला आधी वैद्यकीय सूट मंजूर व्हावी लागते. धोका मात्र साध्या सर्दीच्या गोळीचा जास्त. तिच्यातलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापुढे निषिद्ध आहे, आणि गोळी बहुधा आईने प्रेमाने बॅगेत टाकलेली असते. निघण्याआधी पालकांच्या बैठकीत मी हे सांगतोच.

आता सामान. विमानात एका बॅगेला बहुधा 23 किलोची मुभा असते, आणि 32च्या वरची बॅग बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. गोलरक्षकाची बॅग भरली की ही मर्यादा ओलांडलीच म्हणून समजा. त्याचे पायाचे पॅड वेगळ्या पिशवीत घालून वजन दोन नगांत वाटावं. त्या पॅडची रुंदी 28 सेंटीमीटरच्या आत आहे ना, हे घरीच मोजावं. स्केट हातातल्या सामानात सगळीकडे चालतीलच असं नाही. स्टिक प्रत्येकी तीन, कारण कॉम्पोझिटची स्टिक एका जोरदार फटक्यात तुटते आणि त्याच लवचिकतेची दुसरी जागेवर मिळेलच असं नाही. कापडी टेप मी माणशी तीन गुंडाळ्या धरतो. दुरुस्तीच्या पेटीत स्केटचे रिव्हेट आणि ते ठोकायचं हत्यार, हेल्मेटचे स्क्रू, चेहऱ्यावरच्या जाळीच्या क्लिपा, हनुवटीचे पट्टे, नाड्यांचे दहा जोड. यातली एकही वस्तू महाग नाही. पण हनुवटीचा पट्टा तुटलेला खेळाडू बाकावर बसून राहतो.

18 वर्षांखालच्यांना पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच सक्तीची आहे. ऑक्टोबर 2023मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात स्केटचं पातं मानेला लागून अॅडम जॉन्सन या खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर आयआयएचएफने मानेचं कापरोधक संरक्षण आपल्या सगळ्याच गटांत सक्तीचं केलं. मुलं उकडतं म्हणून ते सैल करतात, खाली ओढतात. ते कातडीला टेकून वर गळ्यापर्यंत आलंय का, हे मी प्रत्येक सामन्याआधी बोट घालून तपासतो.

तिथे पोहोचायचं ते पहिल्या सामन्याच्या किमान 48 तास आधी. घड्याळ तीन-चार तासांनी बदलत असेल तर आणखी लवकर. उंचीही विसरू नये: मेक्सिको सिटीतही या पातळीच्या स्पर्धा झाल्या आहेत आणि ते शहर 2,240 मीटरवर आहे. तिथे एका पाळीचा, म्हणजे खेळाडू सलग बर्फावर असण्याचा, वेळ 45 सेकंदांवरून 30-35वर आणला नाही, तर तिसऱ्या सत्रात पाय उचलत नाहीत.

पहिल्या सरावात डावपेच कमी आणि बर्फाची ओळख जास्त करावी. रिंकची लांबी साधारण 60 मीटर असते, पण रुंदी 26 ते 30 यांत कुठेही असू शकते. चार मीटर कमी म्हणजे बाजूने येणारा फटका गोलरक्षकावर लवकर येतो, आणि बचावपटूला पक (खेळाची रबरी चकती) रिंकच्या कडेच्या भिंतीवर आदळून बाहेर काढायचा कोन बदलावा लागतो. बर्फ किती कडक आहे यावर स्केटची धार ठरते. पात्याच्या तळाला जी खोबण असते, तिची त्रिज्या सर्वसाधारणपणे 13 मिलिमीटर असते. बर्फ थंड आणि कडक असेल, पाय सटकत असतील, तर 11 किंवा 10वर यावं. मऊ बर्फात पातं रुतत असेल तर 16वर जावं. मात्र पहिल्या सामन्याच्या सकाळी खोबण बदलू नये, पायाला एक सराव तरी मिळायला हवा. धार लावणारा आपला माणूस आणि आपलं यंत्र असेल तर उत्तमच. नसेल तर यजमानांच्या माणसाला प्रत्येक जोडीवर त्रिज्या लिहिलेली पट्टी चिकटवून द्यावी. तोंडी सांगितलेलं बावीस जोड्यांत हरवतं. रात्री पाती कोरडी पुसून कापडी आवरणात ठेवावीत. प्लास्टिकच्या कडक आवरणात पाणी साठतं आणि सकाळी कडेवर गंज असतो.

सामन्याच्या दिवशी संघाची यादी 60 मिनिटं आधी द्यावी लागते: जास्तीत जास्त 20 स्केटर आणि 2 गोलरक्षक, कर्णधार, दोन उपकर्णधार. यादी दोन जणांनी वाचावी, एकाने कागदावरून आणि दुसऱ्याने टांगलेल्या जर्सीवरून. यादीत नाव नसलेला मुलगा खेळू शकत नाही, मग तो गणवेशात तयार उभा असला तरी. रक्त लागलेली जर्सी घालून खेळता येत नाही, म्हणून कोऱ्या क्रमांकाच्या दोन जर्सी जवळ असाव्यात.

डोक्याला मार बसल्याची शंका आली की त्या दिवशी तो मुलगा परत बर्फावर जात नाही. मेंदूला धक्का बसलाय का हे पाहणारी डॉक्टरांची एससीएटी6 चाचणी निघण्याआधी प्रत्येकाची एकदा करून ठेवली, तर नंतर तुलनेला आधार मिळतो. सात दिवसांच्या स्पर्धेत याचा अर्थ बहुधा तो खेळाडू संपूर्ण स्पर्धेला मुकला असाच होतो, आणि प्रशिक्षकाला हे आधीच मान्य असायला हवं.

आता गुणांचं गणित. नियमित वेळेतल्या विजयाला 3 गुण, जादा वेळेतल्या किंवा पेनल्टी फटक्यांवरच्या विजयाला 2, तसं हरणाऱ्याला 1. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आपसातला सामना पाहतात. तीन संघ अडकले तर फक्त त्या तिघांतल्या सामन्यांची वेगळी तालिका करतात: आधी गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल. म्हणजे तळाच्या संघावर चढवलेले पंधरा गोल इथे मोजलेच जात नाहीत. 6-0 झालं की पहिली फळी बसवावी आणि दुसऱ्या गोलरक्षकाला उतरवावं. दमलेले पाय पुढच्या सामन्यात महागात पडतात.

उलट, बरोबरीच्या संघाशी हरतानाचा एकेक गोल सोन्याचा असतो. समजा अ, ब, क यांनी एकमेकांना हरवलं: ब ने क ला 3-2, क ने अ ला 2-1. अ विरुद्ध ब सामन्यात ब 1-2 ने मागे आहे. ब ने गोलरक्षक काढून सहावा स्केटर उतरवला आणि रिकाम्या जाळीत दोन गोल खाल्ले, 1-4. आता फरक अ चा +2, क चा 0, ब चा –2, ब तिसरा. सामना 1-2 वरच संपला असता तर तिघांचाही फरक शून्य, केलेले गोल ब आणि क चे 4-4, अ चे 3. मग ब आणि क यांच्यातला सामना पाहिला जातो आणि ब पहिला येतो. चढणारा संघ त्या दोन गोलांनी बदलला.

गोलरक्षक काढूच नये असं मी म्हणत नाही. बरोबरी साधली तर निदान एक गुण मिळतो आणि त्याचं मोल मोठं आहे. पण पहिल्या दोन दिवसांत, पुढे कोण कोणाला हरवणार हे कळायच्या आत, मी तो निर्णय शेवटच्या चाळीस-पन्नास सेकंदांपर्यंत लांबवायला सांगतो, तेही समोरच्या टोकाला फेसऑफ (पंचाने पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) मिळाला तरच. चौथ्या दिवसापासून गुणतालिकेच्या सगळ्या शक्यता कागदावर मांडून बाकामागे चिकटवतो. कोणत्या फरकाने हरलं तरी चालेल, हे प्रशिक्षकाला शेवटच्या मिनिटात विचारावं लागू नये.

शेवटचा सामना संपला की सामान आवरण्याआधी यादीवर प्रत्येक नावापुढे जन्मवर्ष लिहितो. 2026ची स्पर्धा असेल तर पुढच्या वर्षी 2008चे सगळे बाद. त्यांत दोन्ही गोलरक्षक असतील तर नव्याचा शोध त्याच आठवड्यात सुरू करावा लागतो.