उताण्या हाताची वही

दिवस पहिला, रात्री

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरून वजनाचा बार उचलताना, बायसेप्सची कंडरा, म्हणजे दंडाचा स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटते ती जवळजवळ नेहमी उताण्या हाताची. एक पंजा पालथा आणि एक उताणा, अशी मिक्स ग्रिप धरली की बार बोटांतून घरंगळत नाही. म्हणून वजन वाढलं की सगळे तिच्यावर येतात. पालथ्या हातात बायसेप्सला फारसं काम नसतं. उताण्या हातात मात्र पंजा उताणाच राहावा म्हणून बायसेप्स आवळलेला असतो. त्यात बार जमिनीवरून सुटताना कोपर जरा दुमडलं, म्हणजे दंडानं ‘ओढायचा’ मोह झाला, की आवळलेला स्नायू वजनाखाली जबरदस्तीनं लांबवला जातो. तो सगळा ताण कोपराखाली अंगठ्याकडच्या रेडियस हाडाच्या उंचवट्यावर चिकटलेल्या, साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कंडरेवर येतो. हाडाला चिकटण्याच्या जरा अलीकडे या कंडरेला रक्तपुरवठा मुळात कमी, आणि पंजा पालथा होताना दोन हाडांमधली तिची जागाही साधारण निम्मी होते. वर्षानुवर्षं झिजलेली दोरी एका रेपला, म्हणजे एका उचलीला, तुटते, आणि दोष त्या रेपला दिला जातो.

तिशी ते पन्नाशीतले पुरुष यात जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांत धोका साडेसात पट असल्याचं नोंदलं गेलंय. स्टेरॉइडनं स्नायू महिन्यांत फुगतो, कंडरा त्या वेगानं जाड होत नाही, त्यामुळे ती मंडळीही याच रांगेत.

फसगत होते ती पुढच्या तासाभरात. जाड कापड फाटावं तसा आवाज येतो, कळ जाते, आणि मग दुखणं बऱ्यापैकी ओसरतं. कोपर दुमडतंही, कारण दुमडण्याचं मुख्य काम खालच्या ब्रॅकिॲलिस स्नायूचं आहे आणि तो शाबूत असतो. मग निष्कर्ष निघतो: मुरगळलंय.

दिवस दुसरा

सांगलीसारख्या हळदीच्या गावात कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय ठरलेला. हळद-तुरटीचा गरम लेप कोपराच्या खळग्यापासून दंडापर्यंत थापला जातो. हळदीशी माझं भांडण नाही. पण या दुखापतीत डॉक्टरला जे बघायचं असतं, नेमकं तेच ती झाकते. काळानिळा डाग एक-दोन दिवसांनी कोपराच्या आतल्या बाजूला आणि तिथून खाली हातावर उतरतो. पिवळ्या थराखाली तो दिसत नाही, आणि लेप धुतल्यावरही कातडीचा पिवळेपणा आणि जुन्या डागाचा पिवळेपणा यांत गफलत होते. हाडवैद्याकडे जाऊन तेल लावून चोळून घेणं त्याहून वाईट. सुटलेलं टोक चोळून हाडाला परत चिकटत नाही, फक्त सूज वाढते.

करायचं एवढंच: बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, हात झोळीत आणि ऑर्थोपेडिकची वेळ. मिरज दहा किलोमीटरच्या आत आहे, हाडांच्या डॉक्टरांची वानवा नाही.

तिथं गेल्यावर पहिली तपासणी बोटानं होते. दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर नव्वद अंशात, पंजा जोर लावून उताणा. डॉक्टर कोपराच्या खळग्यात बाहेरच्या बाजूनं तर्जनी घालतात. कंडरा शाबूत असेल तर पोहऱ्याच्या दोरीखाली आकडा घालावा तसं बोट तिच्याखाली अडकतं, साधारण एक सेंटिमीटर आत जातं. तुटली असेल तर अडकायला काही नसतं. हीच तपासणी मित्रानं जिममध्ये आतल्या बाजूनं केली, तर बोट तिथल्या पातळ पडद्यात अडकतं आणि ‘आहे की रे दोरी’ असा निकाल मिळतो. तो पडदा वेगळा. तो पुष्कळदा तुटत नाही आणि त्यामुळेच बेटकुळी फार वर सरकत नाही. शंका असेल तर एमआरआय.

बेटकुळीचा आकारही सांगतो. गोळा वर खांद्याकडे गेला असेल तर कंडरा कोपराशी तुटलीय. खाली कोपराकडे घसरला असेल तर खांद्याजवळची लांब दोरी तुटलीय. या दुसऱ्या प्रकारात बऱ्याच जणांचं शस्त्रक्रियेशिवाय भागतं, कारण आखूड दोरी शिल्लक असते. कोपराशी मात्र दोन्ही दोऱ्या मिळून एकच टोक होतं.

दिवस पाचवा

ऑपरेशन करायचं की नाही? न केलं तर दुमडण्याची ताकद साधारण ३० टक्के आणि पंजा उताणा करण्याची ४० टक्के कायमची जाते. टेबलावर बसून काम करणाऱ्या साठीतल्या माणसाला ते चालू शकतं. बार उचलणाऱ्याला आणि मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्याला नाही. पाना फिरवणं, स्क्रू आवळणं, बरणीचं झाकण पिळणं ही सगळी पंजा उताणा करण्याची कामं आहेत.

ठरवायला वेळ कमी असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टोक सापडतं आणि ओढून जागेवर येतं. महिना-दीड महिना उलटला की ते वर आकसून आजूबाजूला चिकटतं, आणि मग मांडीमागची कंडरा काढून जोड द्यावा लागू शकतो. ‘आधी महिनाभर बघू’ हा सल्ला या एका दुखापतीत महाग पडतो.

शस्त्रक्रियेत रेडियसला भोक पाडून कंडरेचं टोक धाग्यानं आत ओढतात आणि हाडापलीकडे धातूचं छोटं बटण आडवं लावतात. काही सर्जन जोडीला स्क्रूही घालतात. नंतर कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं मनगटाकडे बधिरपणा जाणवला तर घाबरायचं नाही. कातडीची नस ओढली गेल्यानं तो बऱ्याच जणांना येतो आणि बहुधा काही महिन्यांत जातो. पण अंगठा आणि बोटं सरळ वर उचलता येत नसतील तर ती वेगळी नस आहे, त्याच दिवशी सर्जनला सांगायचं.

आठवडा दुसरा

इथून पुढची मोजणी शस्त्रक्रियेपासून. दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात. स्प्लिंट जाऊन बिजागरीचा ब्रेस येतो. सुरुवातीला कोपर ४५ किंवा ३० अंशांपुढे (शून्य म्हणजे पूर्ण सरळ) सरळ होऊ द्यायचं नाही, मग दर आठवड्याला दहा-पंधरा अंश मोकळे करायचे आणि सहाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण सरळ. हल्ली काही सर्जन हालचाल याहून लवकर सुरू करतात. कंडरा किती ताणून बसवावी लागली हे फक्त त्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून आकडा त्यांचाच चालतो, नेटवरचा नाही.

हात वापरण्याची मर्यादा चहाच्या कपाएवढी. कुणी विसरून दार ओढतं, कुणी पडताना हात टेकतं, कुणी गाडीची किल्ली फिरवतं. किल्ली वजनानं काहीच नाही, पण ती फिरवणं म्हणजे नेमकं तुटलेल्या दोरीचं काम. ओला टॉवेल पिळणंही तेच. मूठ उघड-मीट, मनगट आणि खांदा मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहायचं, नाहीतर कोपर मोकळं होतं आणि खांदा आखडतो.

आठवडा चौथा

पाय मोकळे आहेत. लेग प्रेस, लेग कर्ल, शरीराच्या वजनाचे लंजेस. मानेवर बार घेऊन स्क्वॉट नको, कारण बार धरायला कोपर मागे वळवावं लागतं. चांगल्या हाताचं काम सोडायचं नाही: एका हातानं व्यायाम केला तरी दुसऱ्या, बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते, कारण हुकूम सोडणारी मज्जासंस्था दोघांना एकच आहे. चांगल्या हाताला आठवड्यातून तीन दिवस डंबेल कर्ल, ८ रेपचे ३ सेट, जड वजनानं. फक्त ते करताना ब्रेसमधल्या हाताची मूठ आवळली जातेय का ते बघायचं. जोर लावताना तोही गुपचूप आवळतो.

कोपर म्हटलं की सांगलीत वेटलिफ्टर संकेत सरगरचं नाव निघतंच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य, सुवर्ण एका किलोनं हुकलं, आणि क्लीन अँड जर्कमध्ये उजवं कोपर दुखावलं. पण ती दुखापत लिगामेंटची, डोक्यावर वजन पेलताना होणारी. तिचं वेळापत्रक बायसेप्सच्या कंडरेला लावू नये. आखाड्यात हे दोन्ही ‘शीर तुटली’ या एकाच नावानं चालतात, म्हणून लिहून ठेवलं.

आठवडा नववा

हा सगळ्यात वाईट काळ, कारण काहीच दुखत नाही. ब्रेस गेला, कोपर सरळ होतं, हात चोरल्यासारखा वाटत नाही. दुखत नाही म्हणजे जुळलं असं नव्हे. पहिले सहा आठवडे शरीर घाईनं कच्चा कोलॅजन, म्हणजे कंडरेचे धागे, भरतं, धागे कसेही पडलेले असतात. सहाव्या आठवड्यानंतर ते काढून पक्का कोलॅजन ओढीच्या दिशेनं बसवण्याचं काम सुरू होतं आणि ते वर्षभर चालू शकतं. स्नायू मात्र पंधरा दिवसांत जोर धरायला लागतो. इंजिन तयार, साखळी कच्ची.

सुरुवात न हलवता जोर लावण्यानं. कोपर नव्वद अंशात, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर वर ढकलायचं, पूर्ण ताकदीच्या पाव भागानं, १० सेकंद, ५ वेळा, दिवसातून दोनदा. हे आठवडाभर शांतपणे गेलं की अर्धा किलो, मग एक किलो, १५ रेपचे ३ सेट, अंगठा वर ठेवून. उताण्या पंज्याचा कर्ल नंतर. पंजा फिरवण्यासाठी घरातला हातोडा उत्तम: कोपर कमरेला टेकवून नव्वद अंशात, हातोडा डोक्याजवळ धरून सावकाश उताणा-पालथा, १० वेळा. सोपं गेलं की पकड दांड्यावर बोटभर मागं. वजन तेच राहतं, तरफ लांबते. दांड्यावर पेनानं खूण करून ठेवली की फसवाफसवी होत नाही.

दुखण्याला मोजमाप हवं, आणि ते सांगलीकराला शिकवावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. तसं दहापैकी तीनपर्यंत चालू ठेवायचं, तीनला इशारा, पाचला धोका. आणि कोयनेतून सोडलेलं पाणी इथं लगेच पोचत नाही तसं आजच्या सेटचं दुखणं आज येत नाही. वहीत लिहायचा आकडा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचा. सकाळी आदल्या दिवसापेक्षा आकडा वर असेल तर वजन तेच ठेवून एक सेट कमी. दोन सकाळी वर असेल तर दोन पायऱ्या खाली.

महिना चौथा

बाराव्या आठवड्यानंतर दोन किलो, मग पाच, दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची: वजन किंवा रेप. डंबेल खाली सोडताना चार सेकंद मोजायचे, कारण कंडरा तुटली होती ती लांबताना, वर नेताना नाही. केबलवर उताण्या पंज्यानं रोइंग आणि चिन-अप या महिन्यात नकोत. पुल-अपचा बार दिसला की लटकायचा मोह होतो, तोही नको.

डेडलिफ्ट रिकाम्या २० किलोच्या बारनं. दोन्ही पंजे पालथे, हात दोरीसारखे लोंबते, आणि बार ओढायच्या आधी ट्रायसेप्स, म्हणजे दंडामागचा स्नायू, आवळून कोपरं कुलूपबंद. ही एक सवय लागली तर बायसेप्सला ओढायला काही उरत नाही.

महिना सहावा

सर्जननं मोकळं सोडल्यावरच जड वजन, बहुतेकांचं पाच-सहा महिन्यांत. आधी दोन्ही हात सारखे तपासायचे: त्याच डंबेलनं, तेवढेच रेप, उताण्या पंज्यानं. दुखावलेला हात दहा रेपमध्ये एक-दोनानं मागे असेल तर पुढं जायला हरकत नाही, चारानं असेल तर महिनाभर थांबायचं.

पकडीचा प्रश्न राहतोच, कारण पालथ्या पंज्यातून बार निसटतो. त्यावर हूक ग्रिप: अंगठा बारभोवती, त्यावर पहिली दोन बोटं. पहिले तीन आठवडे अंगठ्याचं कातडं सोलवटतं, टेप लावायची, खडू लावायचा. सरावाला स्ट्रॅप, म्हणजे मनगटातून बारला गुंडाळायचे पट्टे, वापरले तरी काही बिघडत नाही. स्पर्धेत मिक्स ग्रिप धरायचीच असेल तर दुसरा हात उताणा घेण्याची पळवाट सांगितली जाते. मला ती पटत नाही. एका बाजूची कंडरा झिजली असेल तर दुसरीही त्याच वयाची आहे.

वहीत शेवटचा रकाना असा भरायचा: वजन १००, रेप ३, दोन्ही पंजे पालथे, कोपर सरळ. सकाळचा आकडा: १.