पावसाळ्यासाठी पिकअप आणि सॅक तयार करताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतच्या पट्ट्यात, एकदा पाऊस लागला की रस्ता असेलच असं धरून चालता येत नाही. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, देगावच्या बाजूला म्हादईचा. एक पूर्वेकडे कृष्णेला मिळायला निघते, दुसरी गोव्याच्या समुद्राकडे. आम्ही त्या दोघींच्या मधल्या माथ्यावर राहणारी माणसं. इथले नाले एका रात्रीत भरतात आणि पाऊस थांबला की तितक्याच घाईनं उतरतात. खानापूर-हेम्माडगा रस्त्यावर हालात्री नाल्याचं पाणी पुलावर आलं की पलीकडची गावं तुटतात. आमगावसारख्या गावातून आजारी माणसाला आजही खांद्यावरून आणावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्ख्या बेळगाव जिल्ह्यानं पुराचं पाणी पाहिलं. त्यानंतर मी ठरवलं की दारात उभी असलेली पिकअप नुसती मालाची गाडी ठेवायची नाही, अडीअडचणीला मदतीसाठीही तयार ठेवायची.

पहिली अडचण अशी की त्याच गाडीवर घर चालतं. श्रावण-भाद्रपदात रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात न्यायची, कधी भात, कधी काजू. हौद्यात कायमचं कपाट बसवलं असतं तर माल कुठं भरणार? एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक मामा आहेत, आयुष्यभर घाटात गाडी चालवलेले. मी बेळगावच्या उद्यमबागेतून लोखंडी पेटीचं माप काढून आणलं तेव्हा त्यांनी कागद बघून विचारलं, "ही ठोकून बसवूलास काय? मग रताळी डोक्यावरनं नेणार?" त्यांचं बरोबर होतं. शिवाय कायद्याचाही प्रश्न होता. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते पुन्हा स्पष्ट केलं. बंपरच्या पुढे लोखंडी बुलबार लावायचा विचार तर मी आधीच सोडला होता. २०१७ च्या शेवटी केंद्रानं त्यावर बंदी घालायला सांगितलंय, आणि त्या बारमुळं समोरच्या माणसाला जास्त मार लागतो हे कारण मला पटलेलं आहे.

म्हणून सगळं सुटं ठेवायचं ठरलं. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या दोन बुटक्या पेट्या करून घेतल्या, दोन माणसांना उचलता येतील अशा. हौद्याला दोर बांधायचे हुक असतातच, त्यांना दांडा हलवून घट्ट होणाऱ्या रॅचेटच्या पट्ट्यांनी पेट्या आवळायच्या. माल भरायचा दिवस आला की सगळं उतरवायला फार वेळ जात नाही. पेट्या केबिनच्या पाठीला चिकटून, तळाला. जड वस्तू मागच्या आसाच्या मागे ठेवल्या तर पुढचं हलकं होतं आणि घाटाच्या वळणावर स्टेअरिंग हातात येत नाही.

माझी गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे. रिकामी पिकअप चिखलात का रुतते हे इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं: ताकद मागच्या चाकांना आणि वजन सगळं पुढे. जांभ्याची लाल माती भिजली की मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. त्यावर मामांनी सांगितलेला उपाय सर्वात स्वस्त ठरला. वाळूची चार पोती भरून बरोबर मागच्या आसावर ठेवायची. चालताना वजन होतं, अडकलं तर एक पोतं फोडून वाळू चाकाखाली टाकायची. तेवढ्यानं निघालं नाही तर मागच्या टायरमधली हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवायची, म्हणजे टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि धरतो. पण कमी हवेवर भरलेली गाडी डांबरी रस्त्यावर पळवली तर टायरची बाजू तापून फुटते. त्यामुळं हवा उतरवायची असेल तर भरायचा पंप जवळ हवाच. माझा पंप बारा व्होल्टचा आहे आणि त्याच्या चिमट्या थेट बॅटरीला लागतात. केबिनमधल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला इतका करंट झेपत नाही, फ्यूज उडतो.

ओढायच्या साहित्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवला, कारण तिथं माणसं मरतात. आपल्याकडे गाडी अडकली की ट्रॅक्टर बोलवायचा आणि साखळी लावायची ही रीत. साखळीला ताण खायची सवय नाही. झटका बसून कडी तुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. मी रुंद नायलॉनचा पट्टा घेतला, भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण सोसेल असा, आणि क्षमता कोरलेल्या दोन शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या. पट्टा गाडीच्या ओढायच्या हुकालाच लावायचा, बंपरला किंवा पाट्याला नाही. ओढताना त्यावर भिजवलेलं पोतं टाकायचं म्हणजे तुटला तरी उसळी कमी होते. आणि बघ्यांना लांब हाकलायचं. हे शेवटचं काम सर्वात कठीण, कारण गाडी अडकली की अर्धा गाव जमतो. एकानं फक्त माणसं मागे ठेवायची असं आम्ही ठरवून टाकलंय.

बाकीचं लवकर सांगतो. जॅकखाली ठेवायला फणसाच्या लाकडाची फूटभर लांबीची जाड फळी, नाहीतर चिखलात जॅकच खाली जातो. चाकाला लावायच्या दोन पाचरी, पहार, फावडं, कुऱ्हाड, धनुष्यासारखी करवत, कोयता. जाड सोल म्हणजे दोर, ताडपत्री, वीस लिटर पाणी. डिझेलचा कॅन ठेवत नाही. पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच पाळतो.

झाड पडून रस्ता अडला की कुऱ्हाड काढायच्या आधी वर बघायचं. विजेची तार त्यात अडकली असेल तर फांदीला हात लावायचा नाही, १९१२ वर वीज कंपनीला, हेस्कॉमला, कळवायचं आणि बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याला विचारल्याशिवाय काही तोडायचं नाही. तिथले वॉचर स्थानिकच असतात, त्यांचे नंबर फोनमध्ये ठेवलेले बरे.

आणि पाणी. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान कार सरकते, दोन फुटांना बहुतेक गाड्या वाहून जातात. पुलावरून पाणी चाललं असेल तर पिकअप या काठाला उभी राहते, मग पलीकडं कोणीही असो. सगळी तयारी करताना माझ्या मनात हे पक्कं होत गेलं की गाडी कुठं थांबवायची हे आधी ठरलेलं असावं. ती थांबते तिथून पुढचं सगळं पाठीवरच्या सॅकवर असतं. म्हणून गाडीइतकाच विचार सॅकचा केला.

सॅक पंचेचाळीस लिटरची. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यातच सगळं भरायचं, कारण आमच्या पावसात बाहेरचं कव्हर टिकत नाही, पाणी पाठीकडून शिरतं. भरताना एकच नियम: अंधारात, भिजलेल्या हातांनी जे आधी लागणार ते वर. डोक्याला लावायची बॅटरी आणि तिचे सेल झाकणाच्या कप्प्यात. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून डोक्याचीच बॅटरी हवी. शिट्टी पट्ट्याला बांधलेली. तीन फुंकरा म्हणजे मदत हवी, हे घरातल्या पोरांनाही माहीत आहे. पॉवर बँक, मेणबत्ती, मेण लावलेल्या काड्या. जांबोटीच्या पुढे फोनची रेंज येते-जाते, पण ११२ ला कोणत्याही कंपनीचा टॉवर मिळाला तर फोन लागतो, म्हणून डोंगराच्या कडेला येऊन एकदा प्रयत्न करायचाच. परदेशात लोक उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाळगतात. आपल्याकडे ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही, तेव्हा त्याच्या जाहिराती बघून मागवू नका.

थंडीचं लोकांना पटत नाही. जुलैत कुणाला थंडी वाजते, म्हणतात. पण कणकुंबीच्या माथ्यावर तासन् तास भिजलेला माणूस वाऱ्यात बसला की आधी थरथरतो, मग बोलणं अडखळतं, मग थरथरणंही थांबतं, आणि ते थांबलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर भिजली तरी ऊब धरते. आमच्या धनगर-गवळ्यांच्या खांद्यावरची घोंगडी उगाच टिकलेली नाही. जड आहे म्हणून ती गाडीत असते. सॅकमध्ये लोकरी टोपी, एक स्वेटर आणि प्लास्टिकची खोळ. सोबत गूळ आणि शेंगदाणे, ओआरएसची पाकिटं. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण मी डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलंय, घाईत मिठाचा हात जड पडतो.

सापाबद्दल थोडं सविस्तर, कारण आमच्याकडे ते वरचेवर होतं. कर्नाटकानं २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद करणं रुग्णालयांना बंधनकारक केलं. मी पूर्वी मिळणाऱ्या सर्पदंशाच्या किटा बघितल्या, ब्लेड आणि चोखायचा पंप असलेल्या, आणि एकही घेतली नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही. अंगठी, कडं, जोडवी काढायची, कारण सूज येते. हात असो वा पाय, काठ्या बांधून हाडमोडीसारखा स्थिर करायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि दवाखाना गाठायचा. वेळ कागदावर लिहायची. १०८ ला फोन करायचा, पण रुग्णवाहिका नाल्यापलीकडे येणार नसेल तर ती कुठं भेटेल ते फोनवरच ठरवायचं. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरशावर चालतं. आमच्या झाडाझुडपांतल्या चापडा या विषारी सापावर ते लागू पडत नाही. तरी साप कुठला हे शोधत बसू नये, दवाखान्यात डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. सॅकमध्ये त्यासाठी तिकोनी पट्ट्या, क्रेप बँडेज, हातमोजे आणि वही-पेन्सिल आहे. पेन्सिल मुद्दाम, ओल्या कागदावर पेन चालत नाही.

माणूस उचलून आणायची सोय आम्ही आमच्याच पद्धतीनं केली. बाजारात घडीचं स्ट्रेचर मिळतं, पण ते घेऊन निसरड्या पायवाटेनं चढणं अवघड. त्याऐवजी घरच्या बेटातले आठ फुटांचे दोन जुने, वाळलेले बांबू हौद्याच्या कडेला बांधलेले असतात. सॅकमध्ये तळ उसवून कोपरे फाडलेली तागाची दोन मजबूत पोती. बांबू पोत्यांतून ओवले की डोली तयार. गेल्या पावसात नाल्यापलीकडच्या वस्तीवर एका मावशींचा पाय मोडला. पिकअप अलीकडेच ठेवली, पाणी उतरेपर्यंत थांबलो आणि मग आम्ही चौघं चालत गेलो. पाय दोन काठ्यांमध्ये बांधला आणि चौघांनी खांदे बदलत त्यांना आणलं. मावशी वाटेत सारख्या म्हणत होत्या, "पोरांनो, मी जड आहे रे, जरा खाली ठेवा." वाटेत दोनदा ठेवलं, गूळ-पाणी घेतलं. अलीकडे आल्यावर गाडीत हौद्याऐवजी केबिनमध्ये सीट मागे घेऊन बसवलं. मालाच्या हौद्यात माणसं बसवणं नियमात नाही, आणि मोडलेल्या पायाला त्या धक्क्यांनी फार त्रास होतो.

अस्वलं आणि गवे हा आमच्या रानातला रोजचा भाग आहे. त्यांच्यासाठी हातात घुंगुरकाठी. वाजत गेलं की जनावर आधीच बाजूला होतं. जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पूड फडक्यात बांधून, बुटाच्या तोंडाशी चोळायला.

उन्हाळ्यात सॅक बदलते. पाणी दुप्पट, खोळ बाहेर, आणि बारीक चिमटा आत. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत आणि महाराष्ट्रातल्या दोडामार्ग भागात माकडताप येऊन गेलाय, तो गोचिडीतून येतो, आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. काजूच्या बागेतून आल्यावर काखा, गुडघ्यामागचा भाग तपासायचा आणि गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढायची. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्यखात्याला कळवायचं.

मे महिन्यात वळीव पडायच्या आत आम्ही सगळं अंगणात काढतो. सेल बदलतो, औषधांच्या तारखा बघतो, कोयत्याला धार लावतो, पट्टा वाळवून उंदरानं कुरतडलाय का ते पाहतो. मग रात्री दिवे घालवून शेजाऱ्याला फाळका उघडायला सांगतो आणि मी नावं घेतो: पंप, शॅकल, बॅटरी, पोती. न चाचपडता हाताला आलं नाही ते दुसऱ्या जागी ठेवतो. गाडीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असते, कारण मी बाजाराला गेलेलो असताना काही झालं तर सॅक कुणालातरी उचलता आली पाहिजे. त्याची थोरली बेळगावला नर्सिंग शिकते. यंदा तिनं प्रथमोपचाराचा डबा पूर्ण रिकामा केला, माझी निम्मी मलमं काढून टाकली आणि त्या जागी गॉज, चिकटपट्टी आणि कात्री वाढवली.