तीन मीटरच्या फेरीत एक मीटर दहा

पाटण तालुक्यात भ्रंशावर, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या पट्ट्यावर, बोअर चालू होतं. एनक्यू साइझ, म्हणजे कोअर, नळीत निघणारा दगडाचा दांडा, 47.6 मिलिमीटर जाडीचा. भ्रंश जवळजवळ उभा, म्हणून मशीन 60 अंशांत कलतं लावलेलं. सरळ खाली गेलो असतो तर भ्रंश बाजूलाच राहिला असता. 86.50 मीटरपर्यंत बेसाल्ट, मधूनमधून तांबड्या मातीचे थर. कोअर अखंड निघत होता.

पुढच्या फेरीत, म्हणजे नळी एकदा भरून वर घेईपर्यंतच्या खोदाईत, बोअरमधून वर परतणारं पाणी बंद झालं आणि भिजल्या मातीत पहार जावी तसं बिट, रॉडच्या टोकाचं कापणारं तोंड, सुटलं. तिथंच फेरी तोडून आतली नळी वर घ्यायची असते. ऑपरेटरने शिफ्ट संपायच्या घाईत 3 मीटर पुरे केले. नळीत निघाला 1.10 मीटर, म्हणजे 37 टक्के. ज्या मऊ पट्ट्यासाठी एवढा खटाटोप, तोच भेगांत धुऊन गेला.

त्यात भर म्हणजे कोअरच्या पेटीत त्याने ‘कोअर गेला’ची खूण असलेला ठोकळा फेरीच्या शेवटी ठेवला. दर 10 सेंटिमीटरला लागलेला वेळ वहीत होता म्हणून वाचलो. बिट 87.30 ला सुटलं, 89.20 ला पुन्हा कठीण लागलं. म्हणजे तळाचा 30 सेंटिमीटरचा तुकडा भ्रंशाखालचा. ठोकळा शेवटी राहिला असता तर तो वरच्या खडकात मोजला गेला असता.

त्या तुकड्यातल्या कॅल्साइटच्या शिरेत पिवळे कण चमकत होते. हेल्पर विट्याचा, घरी पिढीजात गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा. “दादा, सोनं?” म्हणत त्यानेच टाचणी दाबली. कणाचा काळसर भुगा झाला. सोनं चेपलं असतं, फुटलं नसतं. पायराइटच ते. इथल्या बेसाल्टात सोनं शोधत नाहीत. ते रायचूरकडे हट्टीला, जुन्या खडकांतल्या भ्रंशपट्ट्यांत, क्वार्ट्झच्या शिरांत. पण तिथेही 37 टक्के कोअरवरचं अॅसे, म्हणजे सोनं किती याची तपासणी, हे उरलेल्या दगडाचंच अॅसे. सोनं गेलेल्या चिखलात असेल तर आकडा कमी येतो, हाती लागलेल्या शिरेत असेल तर फुगतो.

गेलेला कोअर परत मिळत नाही. मग तिहेरी नळी चढवली, आतली दुभागणारी. पाणी कोअरवरून न जाता बिटच्या तोंडातून बाहेर पडेल असं बिट लावलं. बेंटोनाइटमध्ये, म्हणजे बोअरमध्ये सोडायच्या चिकणमातीच्या पाण्यात, पॉलिमर, पंप आणि रॉडचे फेरे दोन्ही कमी, फेरी फार तर 1 मीटरची.

चहाला मात्र मशीन तसंच सोडलं. चिकणमाती फुगली, रॉड धरले गेले. सोडवायला दोन तास. थांबायचंच तर रॉड त्या पट्ट्याच्या वर ओढून थांबायचं, हे सगळ्यांना पाठ असतं.

93 मीटरला दुसरा पट्टा लागला. नळी उघडून, हात न लावता, आतच मोजला: 1 मीटरला 92 सेंटिमीटर. राखाडी चिकण, मध्ये घासून गुळगुळीत झालेले दगडाचे तुकडे, आणि घासल्याच्या रेघा सगळ्या एकाच दिशेला.